वाळत घातलेली कादंबरी

मोठ्यानं वाचून दाखवणं हे काम मला कधीच आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत धडा वाचायला उभं केलं की माझा घसा बसायचा. आणि नशिबी सासू आली ती अशी, की दुपारी जेवण झाल्यावर कादंबरी ऐकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

सासूबाईंचं नाव सत्यवती, पण सगळं घर त्यांना बाई म्हणायचं. मुलगाही बाई म्हणायचा आणि छापखान्यातली माणसंही. सीताबर्डीतल्या एका गल्लीत पुढच्या अंगाला आमचा छापखाना, मध्ये अंगण आणि मागं आमचं बिऱ्हाड. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि दिवाळी झाली की कुहीकडच्या नाटक मंडळ्यांच्या मोठमोठ्या जाहिराती, असं आमचं काम. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. सासऱ्यांनी छापखान्यातले वाया गेलेले कागद पुढ्यात ठेवून त्यांना वाचायला शिकवलं, आणि तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. भाजी गुंडाळून आलेला कागदसुद्धा त्या मांडीवर सरळ करून आधी वाचायच्या, मग भाजी निवडायला घ्यायच्या.

अशा बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मी सांगतेय ते त्र्याहत्तर सालचं. तेव्हा डॉक्टर लगेच हात लावत नसत. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "अजून कच्चा आहे. पिकू द्या. वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल."

"पिकू द्या म्हणते," बाई रिक्षात बसता बसता मला म्हणाल्या. "आंबा आहे का वं तो, आढीत घालाले?"

त्या तेव्हा एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या आणि ती अर्ध्यावर राहिली होती. जिथं डोळ्यांनी दगा दिला त्या पानात त्यांनी उदबत्तीची विझलेली काडी घालून ठेवली होती. तिथून पुढं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मधुकरराव, म्हणजे आमचे हे, दिवसभर छापखान्यात. दुसरं होतं कोण घरात?

विमल नावाच्या एका बाईची ती गोष्ट होती. नवरा घर सोडून गेलेला, पदरात छबी नावाची लहान मुलगी, आणि विमल शिवणकाम करून दिवस काढतेय. गोष्ट वाईट नव्हती, पण लिहिणाऱ्याला वर्णनाचा भारी सोस. नदीकाठची संध्याकाळ दीड दीड पान मावळायची नाही. मी डोळ्यांनी खालपर्यंत बघून घ्यायची आणि म्हणायची, "संध्याकाळ झाली."

"झाली पण?" बाई विचारायच्या. "एवढ्या लवकर?"

"थंडीचे दिवस आहेत ना बाई. लवकरच होते."

असं आमचं बरं चाललं होतं. बाई कुरकुरायच्या, मी दामटून न्यायची. मग एका दुपारी छबीला ताप आला. मी सवयीनं पुढचं पान चाळलं. छबी त्या तापातून उठत नव्हती.

आमच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मावशीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्या घरची एक मुलगी लहानपणी तापात गेली आहे. कधी विषय काढू नको." मी कधी काढला नाही. बाईंनीही काढला नाही, ह्यांनीही नाही. घरात तिचा फोटो नव्हता. इतकी वर्षं त्या घरात काढूनही मला तिचं नाव माहीत नव्हतं. आणि आता बाई समोर खाटेवर मांडी घालून, मान पुढे काढून विचारत होत्या, "मग? ताप उतरला का पोरीचा?"

काय करणार होते मी? म्हटलं, "उतरला. पहाटे छबीनं डोळे उघडले आणि पेज मागितली."

बाईंनी मोठा श्वास सोडला. मलाही बरं वाटलं. त्यात मी काही पाप केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पुस्तकात मेलेलं माणूस एकदा जिवंत केलं की पुढं रोज त्याला पोसावं लागतं. विमल एकटीच बसून रडतेय असं आलं की मी छबीला शेजारी खेळायला पाठवायची. विमलनं छबीचे झगे एका भिकारणीला देऊन टाकले, तर मी म्हटलं, "झगे आखूड झाले होते." पुस्तकात जी नव्हतीच, तिला मी शाळेत घातलं, दुसऱ्या वर्गात पास केलं, तिच्या वेण्या घातल्या. वाचता वाचता मला घाम फुटायचा. इतकं काम मी माझ्या पोटच्या पोरीचंही केलं नसतं.

एके दिवशी छबीला मामाकडं पाठवायच्या बेतात होते, तर बाईंनी हात वर केला. "बस कर."

"काय झालं बाई?"

"तू वाचून नाही राहिली. तू बोलून राहिली." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. "काहीतरी लपवून राहिली माह्यापासून. काहून लपवते ते तुझं तुले माहीत. पण मले असं ऐकणं नको."

त्या दिवसापासून वाचन बंद झालं. मी किती विनवलं, शपथा घेतल्या, वर्णनंसुद्धा वाचते म्हटलं. बाईंनी "हव, पाहू" म्हणून विषय मिटवला. दुपारभर त्या अंगणातल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसून राहायच्या. बोलणं कमी झालं. जेवायला हाक मारली की यायच्या, पानातलं अर्धं ठेवून उठायच्या. डोळ्यांच्या आधी माणूसच विझत चाललं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. ऐकून घेणाऱ्या, टोमणे मारणाऱ्या बाई मला परत हव्या होत्या. भांडायला का होईना.

दिवाळी झाली आणि नाटकांच्या जाहिरातींचं काम सुरू झालं. त्या जाहिराती आम्ही पिवळ्या कागदावर छापायचो, तळहाताएवढ्या लाकडी खिळ्यांनी, म्हणजे केस नावाच्या खणांच्या पेटीत ठेवलेल्या अक्षरांच्या ठशांनी, जुन्या हँडप्रेसवर. ओले कागद अंगणातल्या दोऱ्यांवर चिमटे लावून वाळत टाकायचे. एका सकाळी मी त्याच दोरीच्या कडेला धुणं पिळत होते, तर बाई खाटेवरून म्हणाल्या, "हा पेटीमास्तर कोण वं? नवा आहे का मंडळीत?"

"कोणता पेटीमास्तर?"

"अवं, तेथी लिहून आहे ना. नाटकाच्या नावाखाली."

मी पिळा तसाच बादलीत टाकला. कागदाजवळ जाऊन बघितलं, तर खरंच नाटकाच्या नावाखाली पेटीमास्तरांचं नाव होतं. आत धावत जाऊन मी एका लग्नाच्या मांडवासाठी छापलेला पांढरा फलक आणला आणि तितक्याच अंतरावर धरला. अक्षर तेवढंच मोठं होतं.

"नाही वाचता येत," बाई म्हणाल्या. "पांढऱ्यानं डोळे दिपते. पिवळ्यावर बरं दिसते."

दुपारी जेवताना मी ह्यांना म्हटलं, "बाईंची कादंबरी जाहिरातीच्या खिळ्यांत छापा."

त्यांचा घास हातातच राहिला. "तुले काही कळते का वं? ते लाकडी खिळे काय पोत्यानं भरून आहेत? चार ओळी जुळवल्या की केस रिकामी होते. मग तो कागद छापायचा, खिळे सोडायचे, पुन्हा चार ओळी जुळवायच्या. पुस्तकाचं एक पान म्हणजे सहा-सात कागद होतील."

"मग होऊ द्या सहा-सात."

"अन् नाटकवाल्यांचं काम कोण करन?"

"त्यांचं झालं की उरलेल्या वेळात करा. मी कागद टांगीन, वाळले की मी काढीन. तुमची आई भिंतीकडं तोंड करून बसते, ते दिसत नाही का तुम्हाले?"

तेवढ्यात दाराशी बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना चाहूल लागली होती. "करून राहिले असाल तर एक ऐका," त्या म्हणाल्या. "एकही शब्द गाळायचा नाही. संध्याकाळ असली तर अख्खी संध्याकाळ पाहिजे मले. अन् मी जेथी काडी घातली आहे तेथूनच सुरू करायचं. हिनं वाचलं ते मी धरत नाही."

मी आनंदानं "हव हव" म्हटलं आणि भाकरी उलटायला वळले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. उदबत्तीची काडी छबीच्या तापाच्या बरीच अलीकडं होती.

आता माघार घ्यायची सोय नव्हती. आमचे कंपोझिटर कवडूभाऊ कादंबरी उघडी ठेवून जुळवायला बसले. पहिल्या कागदावर जेमतेम चार-पाच ओळी बसल्या. ह्यांनी हँडप्रेस ओढला, मी कागद दोरीला लावला. बाई खाटेवरून उठल्या, कागदापासून दोन हात दूर उभ्या राहिल्या, आणि बोट हवेत फिरवत वाचू लागल्या. विमल रस्त्यानं चालली होती, ऊन होतं, पायात चप्पल नव्हती. बाईंनी ते सगळं वाचलं. एक अक्षर अडलं नाही. शेवटापर्यंत आल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "पुढचा कुठी आहे?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले. त्यात अर्धा आनंद बाईंचा आणि अर्धा माझा होता, कारण आता दुपारी मला झोपता येणार होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी नाटकवाल्यांचं काम, दुपारनंतर कादंबरी. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळे कागद ओळीनं लटकायचे आणि बाई एकेका कागदासमोर थांबत, पाठीमागं हात बांधून, बागेत फिरल्यासारख्या पुढं सरकायच्या. टोकाला पोचल्या की छापखान्याच्या दाराकडं बघून आवाज द्यायच्या, "कवडू, झोपला का गा?" जेवणही सुधारलं. भाजीत मीठ कमी आहे हे त्यांनी मला किती दिवसांनी ऐकवलं, आणि मला ते गोड लागलं.

शेजारच्या तुळसाबाईंचंही तेच दुखणं. त्याही आपला मोतीबिंदू पिकवत बसल्या होत्या. त्या ताक मागायला म्हणून आल्या आणि कागदांपुढं उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी ताकाचं भांडंही आणलं नाही. बाईंचे वाचून झालेले कागद मी दोऱ्यानं बांधून त्यांच्याकडं पोचवू लागले. त्यांच्याकडून ते मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं जायचे. कुहीचे नाटकवाले जाहिराती न्यायला आले की तेही दोरीसमोर उभे राहायचे. एकानं तर मागचे गठ्ठे गावाकडं न्यायला मागितले. त्याच्या आईची नजरही अशीच गेली होती म्हणे. मास्तरांचं झालं की ते गठ्ठे कुहीच्या बसमध्ये बसायचे. मूळ पुस्तक एकच, आणि ते शाईच्या बोटांनी काळं झालेलं कवडूभाऊंच्या पुढ्यात.

सगळे खूश होते. माझी एकटीची झोप उडाली होती. कवडूभाऊंच्या पुढ्यातलं पान उलटलं की मी लांबून डोकवायची. विमलनं शिवणयंत्र घेतलं. छबी शाळेतून आली. छबीनं डोकं दुखतं म्हटलं.

त्या दुपारी मी ह्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. पुस्तकात मुलगी तापात जाते, मी ती बाईंसाठी जिवंत ठेवली होती, आणि आता एक-दोन दिवसांत तिचं जाणं दोरीवर येणार आहे.

ह्यांनी प्रेसचा दांडा सोडला. हाताची शाई चिंधीला पुसली. मग म्हणाले, "माही बहीण अशीच गेली. ताप घरात आला तेव्हा बाईलेही आला होता. मले कुहीले मामाकडे पाठवून दिलं. परत आलो तर तिची पाटी नाही, तिचं अंथरूण नाही. मामानं आधीच बजावलं होतं, बाईसमोर नाव घेऊ नको, ती खचन. मग मी घेतलंच नाही. अजूनपर्यंत नाही घेतलं."

"मग आता काय करू?"

"तुझंच छाप," ते म्हणाले. "ताप उतरला म्हणून छाप. पेज मागू दे तिले."

"आणि पुढचं? अख्खं पुस्तक बदलावं लागेल."

"बदलू. छापखाना आपला आहे, कोण विचारते?"

मला केवढा आधार वाटला. मी कागद पुढ्यात घेऊन बसले आणि माझी छबी लिहून काढली. ताप उतरला, पहाट झाली, छबीनं डोळे उघडले, पेज मागितली. कवडूभाऊंनी भुवया वर केल्या. "वहिनी, पुस्तकात तर..."

"पुस्तकाचं राहू द्या. हे लावा."

ते कुरकुरत बसले. पुढच्या सकाळचा सगळा वेळ त्यांनी त्यात घातला. चौकट आवळली, शाई फिरवली. मी म्हटलं, तोवर कालचे कागद काढून दोरी मोकळी करते, म्हणून अंगणात गेले. बाई आणि तुळसाबाई कडेच्या कागदापाशी उभ्या होत्या. तो आदल्या दिवशीचा शेवटचा कागद, छबी तापानं फणफणलेली.

"जगन का हो पोरगी?" तुळसाबाई विचारत होत्या.

"काय माहीत," बाई म्हणाल्या. "पाहू उद्या. मले आता भीती नाही वाटत. आधी सून वाचे, तर तिचं तोंड पाहून अंदाज करा, आवाज ऐकून अंदाज करा, काय खरं अन् काय नाही. आता माह्या अन् पुस्तकाच्या मधात कोणी नाही. जे आहे ते आहे."

मी चिमटा हातात घेऊन तिथंच उभी राहिले. त्या दोघींना मी दिसलेही नाही. मग उलट पावली छापखान्यात गेले. ह्यांनी कागद प्रेसवर ठेवला होता, दांडा ओढायचाच बाकी होता.

"थांबा," मी म्हटलं. "कवडूभाऊ, हे सोडा. पुस्तकातलं लावा."

कवडूभाऊंनी खरोखर डोक्यावर हात मारला. "सकाळपासून बसून लावलं ना वहिनी!"

"तुले झालं काय?" हे तडकले. "काल तूच रडून राहिली होती. बाईले काही झालं म्हणजे?"

"काही झालं तर मी आहे समोर. पण मी त्यांच्या मधात आता उभी नाही राहणार. मी मधात होते म्हणूनच त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या ना? ते पुन्हा नको मले."

"तू जबाबदारी घेते का?"

"घेते!" मी ओरडलेच. "लावा तुम्ही."

ह्यांनी दांडा सोडून दिला आणि रागारागानं बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. कवडूभाऊंनी एकेक लाकडी खिळा काढून केसमध्ये टाकला. माझी छबी सुटली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मी तिला पोसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद दोरीला लावला आणि मी आत पळाले. चुलीवर वरण होतं, त्यात डाव फिरवत राहिले. ह्यांचा राग गेला नव्हता, पण तेही काम सोडून छापखान्याच्या दारामागं उभे होते, हे मला फटीतून दिसत होतं. बाई आल्या. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

त्या कागदावर पुस्तकातलं होतं तेच होतं. ताप उतरला नाही. पहाटे छबी गेली. विमल तिच्या उशाशी बसून राहिली.

बाई हलल्या नाहीत. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग पुन्हा वाचलं. मग त्या तिथंच, दोरीखाली जमिनीवर बसल्या आणि रडू लागल्या. हमसून हमसून, आवाज काढून. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी डाव टाकून धावले. म्हटलं, आपण मारलं या बाईला.

"बाई, माझं चुकलं..."

"चूप," त्यांनी माझा हात धरला आणि मला खाली ओढून बसवलं. "चुकलं काय त्यात? किती सरळ लिहून आहे वं. पहाटे गेली. बस, एवढंच. मले कोणी असं सांगितलंच नाही."

"काय नाही सांगितलं?"

"मीही तापातच होती. शुद्धीवर आली तर म्हटलं, पोरगी कुठी आहे? तर तुह्या सासऱ्यानं म्हटलं, मामाकडे आहे. मी वाट पाहिली. मधू परत आला, ती नाही आली. जे भेटन ते मान खाली घालून जाय. मग माह्यं मीच समजली. पण 'गेली' असं तोंडानं कोणी म्हटलं नाही. मग मी रडू कोणासमोर? जी मामाकडे आहे तिच्यासाठी कोणी रडते का?"

मी नुसता त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसले. छातीवरचा दगड उतरावा तसा बाईंचा श्वास हळूहळू मोकळा होत होता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. नाक शिंकरलं. चेहरा ओला होता, पण त्यावर कसला ताण नव्हता. इतके दिवस मी घाबरत होते ते हेच का, असं मला वाटलं, आणि मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं.

हे दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शाईचे हात तसेच लोंबत होते.

"मले मामानं सांगितलं होतं, बाईसमोर नाव नको घेऊ," ते म्हणाले. "म्हणून नाही घेतलं वं बाई मी."

बाईंनी मान वर करून त्यांच्या दिशेनं बघितलं. बाईंना मुलगा फक्त अंधूक दिसत असणार. "अन् मले वाटे," त्या म्हणाल्या, "तू विसरला तिले."

"विसरीन कसा?" हे पायरीवर मटकन बसले. "यमू होती ती. माह्या वाटची चिंच खाऊन टाके. केसमधले खिळे खिशात भरून शाळेत नेई, अन् बाबा मले मारत."

"तुलेच मारत," बाई म्हणाल्या आणि खरोखर हसल्या. "चोरून नेई ती, अन् मार तुले. किती वेळा सांगितलं मी तुह्या बाबाले."

यमू. मी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. यमुना असणार. इतकी वर्षं ज्या घरात मी भाकरी थापल्या त्या घरात एक यमूही होती, चिंच खाणारी, खिळे चोरणारी, आणि मी मात्र कोणा कादंबरीतल्या छबीच्या वेण्या घालत बसले होते. चुलीवरचं वरण करपल्याचा वास आला. तिघांपैकी कोणी उठलं नाही.

कवडूभाऊ दारात येऊन अडखळले. हातात ओला कागद होता. "वहिनी, पुढचा झाला. टांगू का नको?"

"टांग गा," बाईंनीच उत्तर दिलं. "विमल पुढं काय करते, पाहू दे मले."

तो कागद दोरीला लागतोय तोच कुंपणाच्या फाटकातून तुळसाबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय झालं हो त्या पोरीचं? वाचली का?"

मी पटकन उठले. आता काय सांगायचं ते माझ्या ओठांवर येतच होतं, पण बाईंनी मला हातानं मागं सारलं. त्या जमिनीवरून उठल्या, लुगडं झटकलं, आणि तुळसाबाईंच्या समोर सरळ उभ्या राहिल्या.

"नाही वाचली," त्या म्हणाल्या. "पहाटे गेली. माही यमू गेली तशीच."

तुळसाबाई पंधरा-वीस वर्षांपासूनच्या शेजारीण. त्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्या हळूच खाटेच्या कडेला टेकल्या. "तुमची पोरगी होती? किती मोठी होती हो?"

"आठवं लागलं होतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "सरका जराशा. सांगते."